नेपथ्याच्या वर्गातले गवळी

डेल्फिनाचं डोकं फिरलं ते टेबलावरचं निवडुंगाचं कुंडीतलं रोप बघूनच. मागच्या खेपेला याच खोलीत, याच टेबलामागे एक बाई होती आणि टेबलावर मांजरांचे फोटो होते. त्याच्याही आधी एक दाढीवाला होता. आता हा नवा पोरगा. दोन वर्षं शिकून पुढे विद्यापीठात जायचं अशा या कम्युनिटी कॉलेजात शिकवणारे टिकतात, झाडूवाले टिकतात, फक्त कुठले विषय घ्यायचे ते सांगणारे सल्लागार टिकत नाहीत, आणि प्रत्येक नवा आधीच्याच्या सल्ल्यावर पाणी ओतून मोकळा होतो.

"मस्त! तुझं जवळजवळ सगळं झालंय," निवडुंगवाला स्क्रीनकडे बघत म्हणाला. "फक्त नेपथ्य राहिलंय."

"कसलं नेपथ्य?"

"सेट बांधायचे, दिवे टांगायचे, ते. विद्यापीठाच्या नाट्यशाखेला लागतं. या सत्रात केलंस तर सप्टेंबरात थेट तिसऱ्या वर्षाला जाशील. नाही केलंस तर तुला मिळालेली जागा जाईल."

"अहो, पण मला अभिनय शिकायचाय."

"अभिनय तर तुझा भरपूर झालाय," तो आनंदाची बातमी द्यावी तसा म्हणाला. "जरा जास्तच झालाय. तालमीचा वर्ग तू दर सत्रात घेतलायस. त्यातला एकच धरतात. बाकीचे आपले हौस म्हणून."

हौस म्हणून! डेल्फिनाला त्याचं रोप उचलून खिडकीबाहेर फेकावंसं वाटलं. या कॉलेजात नाटकात काम करायचं तर तालमीच्या वर्गात नाव घालावंच लागतं, तसा नियमच आहे. दाढीवाला म्हणाला होता, तू फक्त नाटकं करत राहा, बाकी होईल. मांजरवाली म्हणाली होती, गणित सोडव आधी. तिनं गणितही सोडवलं, एकदा नापास होऊन मग पास होऊन. दोन वर्षांचं कॉलेज तिसऱ्या वर्षात घुसलं तरी नेपथ्य हा शब्द कुणाच्या तोंडून निघाला नव्हता. उंटावरच्या शहाण्यांची रांग लागली होती आणि खाली शेळ्या हाकत होती ती एकटीच.

तिथून ती तडक वॉरनकडे गेली. वॉरन लिंडक्विस्ट नाट्यविभागाचा प्रमुख होता, म्हणजे नाट्यविभागच तो होता. सगळी मुलं त्याला नावानंच हाक मारायची. रंगमंचाच्या कडेला पाय सोडून तो सँडविच खात बसला होता.

"नेपथ्य या सत्रात आहे का?" तिनं विचारलं.

"आहे की. दोन वर्षांनी लागलंय शेवटी. रोंडा म्हणून एक बाई येणार आहेत शिकवायला. मंगळवार आणि गुरुवार, दुपारी."

"तालमीच्या वेळेत?"

"हो, तेवढं जमलं नाही बघ," वॉरन म्हणाला. मग त्याच्या ध्यानात आलं आणि त्यानं सँडविच खाली ठेवलं. "फिना, थट्टा करू नकोस हं. हे नाटक मी तुझ्यासाठी निवडलंय."

ते खरं होतं. दीपगृह सांभाळणाऱ्या एका बाईचं नाटक होतं ते, आणि ती बाई पहिल्या प्रवेशापासून शेवटपर्यंत रंगमंचावर असायची. डेल्फिनाचं अर्धं पाठही झालं होतं.

"मग तालीम संध्याकाळी ठेवा."

"संध्याकाळी निम्मी पोरं कामाला जातात, तुला माहीत आहे. नेपथ्य पुढच्या वर्षी कर. घाई कसली आहे तुला?"

घाई कसली! हेच वाक्य त्यानं गेल्या वर्षीही म्हटलं होतं आणि त्याच्या आदल्या वर्षीही, आणि तेव्हा तिला ते प्रेमाचं वाटलं होतं. वॉरननं तिला कधीच थांब असं म्हटलं नव्हतं. तो फक्त दर वेळी एक चांगली भूमिका द्यायचा.

"वॉरन, माझ्याबरोबरच्या मुली केव्हाच विद्यापीठात गेल्या. मी अजून इथे तुमच्या म्हाताऱ्या, राण्या आणि खुनी बायका करतेय. मला सांगायचं होतं ना कुणीतरी, की याचा काही उपयोग नाही!"

"उपयोग नाही?" वॉरनला लागलं ते. "तू इथे जे काम केलंस त्याला उपयोग नाही म्हणतेस?"

"मी नाही म्हणत. ते विद्यापीठवाले म्हणतात."

दुसऱ्या दिवशी दीपगृहवाली बाई ब्रिन नावाच्या नव्या पोरीला मिळाली. ब्रिनला अजून रंगमंचावर हात कुठे ठेवायचे ते कळत नव्हतं. नट व्हायचं तर नाटक सोड, असा हा न्याय होता.

पण नुसतं नाटक सोडून भागतंय होय! डेल्फिना कचेरीत नाव घालायला गेली तर खिडकीतली बाई म्हणाली, "घालतेस तर घाल, पण हा वर्ग बहुतेक रद्द होणार बरं का. नावंच नाहीत. शुक्रवारपर्यंत डझनभर झाली नाहीत तर डीन कात्री लावतील."

म्हणजे आगीतून फुफाट्यात.

डेल्फिना घरी आली तेव्हा बाहेर धुकं असं दाटलं होतं की गोठ्याचे दिवेसुद्धा दिसत नव्हते. खोऱ्यात जानेवारीत हे असंच असतं. आई चुलीपाशी होती. इदालिना मेनेझेसनं पोरीचं तोंड बघितलं आणि हातातला कांदा बाजूला ठेवला.

"कोण मेलं?"

"माई, मीच मेले," डेल्फिना म्हणाली आणि रडायलाच लागली. रडता रडता तिनं सगळं सांगितलं. तिच्या आईला त्यातलं अर्धंच कळलं, पण कामाचं ते बरोबर कळलं.

"माणसं हवीत ना? मग कॉलेजात कशाला रडत बसलीस? हॉलमध्ये जा."

हॉल म्हणजे पोर्तुगीज हॉल. आसोरिशच्या पोर्तुगीज बेटांवरून या खोऱ्यात गायी राखायला आलेल्या आजे-पणजांनी तो बांधला. त्यांचं लग्न, मयत, भांडण, समेट, सगळं तिथेच. छप्पर गळालं, कुणाचा ट्रॅक्टर बुडाला, कुणाला मुलगी बघायची, हॉलमध्ये जा. नेपथ्याच्या वर्गाला विद्यार्थी मिळत नाहीत म्हणून तिथे गेलेली डेल्फिना पहिलीच असेल.

बुधवारी पत्ते असतात. तीउ सेराफिम टेबलाच्या डोक्याशी होता. तो कुणाचा काका होता ते आता कुणालाच नक्की सांगता आलं नसतं, पण सगळा हॉल त्याला तीउ म्हणायचा. डेल्फिनानं हात जोडल्यासारखं करत सगळं सांगितलं.

"म्हणजे नाव लिहायचं?" तीउनं विचारलं. "लिही. पलीकडच्या गावात चर्चच्या घंटेसाठी मी नाव लिहून दिलं होतं. ती घंटा अजून मी ऐकलेली नाही. काय बिघडलं?"

"आमचंही लिही!" बाकीचे ओरडले.

"तीउ, तुझी जन्मतारीख?"

"कुठली हवी? बोटीवर लिहिली ती, की आईनं सांगितली ती?"

हसण्याचा एकच गदारोळ झाला. डेल्फिना फोनवर एकेकाचं नाव भरत सुटली. कुणाला ईमेल नव्हता, तिनं काढून दिला. मॅन्युएलला पासवर्ड म्हणून गायीचं नाव हवं होतं, तेही दिलं. शेवटच्या टेबलाशी तिचा बाप बसला होता, जिल्बेर्तु मेनेझेस. बाप म्हणजे पाई. पाई फार बोलत नसे. तिनं त्याला विचारलंसुद्धा नव्हतं.

त्याचंही कारण होतं. तीन वर्षांत पाईनं तिचं एकही नाटक पाहिलं नव्हतं. प्रयोग संध्याकाळी सातला, आणि त्या वेळी पाईची मध्यरात्र झालेली असे, कारण जग झोपलेलं असतानाच त्याचं पहिलं दूध निघायचं. रविवारी दुपारचा प्रयोग असे, पण दुपारी दुसरं दूध. दर वेळी ती सांगायची, दर वेळी पाई म्हणायचा, "बघू," आणि दर वेळी आई एकटी येऊन पहिल्या रांगेत डोळे पुसायची. पुढे पुढे डेल्फिना सांगायची तेव्हा त्याच्याकडे न बघताच सांगायची.

"माझं घातलंस?" पाईनं विचारलं.

"नाही, पाई. झाली बहुतेक."

"घाल."

तिनं घातलं. "तुम्हाला यायला नको हं. नुसतं नाव पुरे."

"नाव घातल्यावर जायला नको?" पाई म्हणाला, आणि पुन्हा पत्ते उचलले.

शुक्रवार टळला. नावं भरली. डेल्फिनानं सुटकेचा निःश्वास टाकला, आणि तिथेच तिची चूक झाली. हॉलमध्ये नाव दिलं की काम झालं असं धरतात. कॉलेजात नाव दिलं की काम सुरू होतं.

पहिल्या दिवशी वर्गावर आली ती रोंडा, कमरेला हत्यारांचा पट्टा लावलेली उंच बाई. ती अशाच तीन कॉलेजांत शिकवत गाडी पळवत असे आणि तिचं जेवण गाडीतच व्हायचं. तिनं हजेरी काढली आणि कपाळाला हात लावला.

"हे काय? निम्मे कुठे आहेत? पहिल्या दिवशी जो येत नाही त्याचं नाव मी कापते. मला कापावंच लागतं. आणि कापलं की वर्ग गेला."

डेल्फिना फोन काढायला लागली. तेवढ्यात दार उघडलं आणि पाई आत आला. इस्त्रीचा शर्ट, ओला भांग, पायांत मात्र रबरी बूट. त्यानं मागची खुर्ची ओढली आणि शाळकरी पोरासारखा हात टेबलावर ठेवून बसला.

"जिल्बेर्तु मेनेझेस," तो म्हणाला. "हजर."

"पाई, गायी?" डेल्फिना कुजबुजली.

"कार्लुश दूध काढतोय." कार्लुश पाईचा चुलतभाऊ. त्याच्या हाताखाली गायी लाथा मारतात असं पाई नेहमी सांगायचा.

डेल्फिना बाहेर धावली आणि तीउला फोन लावला. "तीउ, यावं लागतंय! प्रत्यक्ष!"

"कुठे?"

"वर्गात! आत्ता!"

"अगं बाई, तू तर म्हणालीस घंटेसारखं आहे!"

"ते तू म्हणालास, तीउ!"

तास संपायच्या आत एक पिकअप आणि एक जुनी व्हॅन येऊन थांबली. खाली उतरले ते सगळे गोठ्यावरून जसेच्या तसे, आणि त्यांच्याबरोबर गोठ्याचा वासही. मॅन्युएलनं गोड पाव आणला होता, कारण रिकाम्या हातांनी कुणाकडे जायचं नसतं. रोंडानं एकेकाच्या नावापुढे खूण केली, पावाचा तुकडा तोंडात टाकला आणि म्हणाली, "मी कापणार नाही. पण माझ्या वर्गात करवत चालवायची असेल तर लेखी परीक्षा द्यावी लागेल."

"परीक्षा?" तीउ सेराफिम म्हणाला. "मी शाळा सोडली ती परीक्षेमुळेच!"

पुढचे काही आठवडे म्हणजे जत्रा होती. रोंडा शिकवायची, रंगमंचाची उजवी बाजू ती नटाची उजवी, प्रेक्षकांची नव्हे. कॉलेजची पोरं गोंधळायची. पाई म्हणाला, "यात काय आहे? गायीची उजवी ती गायीची उजवी. माझी नव्हे." तीउला दिवा टांगायला शिडीवर चढू देत नव्हते म्हणून तो रुसला. मग नावं कापण्याची तारीख टळून गेली, वर्ग पक्का झाला आणि हॉलची माणसं एकेक करून गळाली. वासरं व्हायचे दिवस आले होते, आणि नाव दिलं तेवढं पुष्कळ झालं.

पाई मात्र येत राहिला. का येतो ते तो सांगत नव्हता आणि डेल्फिनाही विचारत नव्हती. खरं सांगायचं तर तिला ते नकोसंच झालं होतं. शेजारच्या भिंतीपलीकडे ब्रिन डेल्फिनाची वाक्यं म्हणायची, तिची, पाठ केलेली वाक्यं, आणि चुकीच्या जागी थांबायची. आणि इकडे ती बापाशेजारी बसून प्लायवूडला खिळे मारत असायची. एकदा ब्रिन तेच ते वाक्य तिसऱ्यांदा विसरली तेव्हा डेल्फिनानं हातोडा असा आपटला की पाईनं तिच्याकडे बघितलं.

"अंगठा?" त्यानं विचारलं.

"नाही."

"मग?"

"काही नाही, पाई. मारा खिळा."

वर्गानं दीपगृह बांधलं. चाकांवरचं, आतून जिना असलेलं. प्रयोगाच्या वेळी ते फिरवायला वर्गातलीच माणसं लागणार होती. काळे कपडे घालून, अंधारात, आवाज न करता. मार्कांसाठी तेही करावं लागे. रोंडानं पाईला सूट देऊ केली होती. पाई म्हणाला, "बांधलं मी, ढकलेल कोण?"

अशा रीतीनं जिल्बेर्तु मेनेझेस आयुष्यात पहिल्यांदा नाटकाला आला, तो विंगेत. सात वाजले होते. त्याचे डोळे मिटत होते आणि तो ते पुन्हा पुन्हा उघडत होता. त्याचा काळा शर्ट एरवी मयतीला घालायचा होता. दुसऱ्या विंगेत वॉरन उभा होता. डेल्फिना दिसताच तो पुस्तकात बघायला लागला.

ब्रिन बोलत होती. प्रेक्षकांत डेल्फिनाची आई बसली होती, सवयीनं पहिल्याच रांगेत.

"ही तुझी जागा होती?" पाईनं हळूच विचारलं.

"हो."

तो थोडा वेळ ऐकत राहिला. "तू हिच्यापेक्षा बरं करतेस?"

डेल्फिनाला भडभडून आलं. रडू आणि राग दोन्ही एकदम. "मला काय विचारता? तुम्ही कधी बघितलंत मला?"

ती जरा मोठ्यानं बोलली होती. वॉरननं वळून ओठांवर बोट ठेवलं. पाईनं दीपगृहाच्या कडेला हात टेकला. मग दिवे गेले आणि दोघांनी मिळून दीपगृह फिरवलं. चाकांचा जरासुद्धा आवाज झाला नाही.

नेपथ्यात डेल्फिनाला ए मिळाला, पाईला बी. लेखी परीक्षेत त्याचे मार्क गेले.

पेन्टेकॉस्ट या हॉलमधल्या मोठ्या ख्रिस्ती उत्सवाआधी दोन दिवस तिनं विद्यापीठात फोन केला. सगळं पोचलं का, एवढंच विचारायचं होतं. तिकडे एक गोड आवाजाची बाई होती.

"आलं सगळं. सप्टेंबरात भेटू! आणि हे नेपथ्य कशाला केलंस गं? तुझ्या तालमीच्या वर्गांतला एक त्याच्या जागी चालला असता की. केव्हापासून चालतो. कॉलेजातल्या सल्लागारांना माहीत आहे."

"कुठल्या?" डेल्फिनानं विचारलं.

"कुठल्याही," बाई म्हणाली.

डेल्फिना फोन धरून तशीच बसली. दीपगृहवाली बाई तिची झाली असती. एप्रिलमधले ते सगळे प्रयोग तिचे झाले असते. काही म्हणजे काहीच करायची गरज नव्हती. हे तिनं कुणाला सांगितलं नाही, आईलासुद्धा नाही. सांगायला शब्दच नव्हते, होत्या त्या नुसत्या शिव्या.

उत्सवाच्या दिवशी हॉलमध्ये लांब टेबलं लागली. उत्सवाची राणी झालेली पोरगी आपला भरजरी झगा मागे फरफटत मिरवणुकीतून आली, आणि मग पुदिना घातलेल्या मांसाच्या रश्शात भिजवलेले पाव सगळ्यांपुढे आले. येईल त्याला जेवण, ओळखीचा असो नसो. तीउ सेराफिम मोठा डाव घेऊन वाढत होता आणि प्रत्येक टेबलाशी थांबून तेच सांगत होता.

"ही आमची फिना! विद्यापीठात चालली! का चालली? कारण आम्ही वर्गात बसलो! मी, मॅन्युएल, सगळे! मी दिवा टांगणार होतो, पण..."

"टांगू दिला नाही," टेबलानं वाक्य पुरं केलं.

"आम्ही नसतो तर पोरीचं वर्ष गेलं असतं! बोल, फिना, गेलं असतं की नाही?"

सगळे तिच्याकडे बघून हसत होते. आईचे डोळे भरले होते. डेल्फिना उभी राहिली आणि ते तिच्या तोंडून निघूनच गेलं.

"नसतं गेलं! तो कोर्स लागतच नव्हता! कालपरवा कळलं मला. तुम्ही सगळे उगीच आलात, मी उगीच सुतारकी केली, माझं नाटक उगीच गेलं! कुणाला काही माहीत नव्हतं आणि मी घाण्याच्या बैलासारखी फिरत राहिले. लागतच नव्हता तो!"

तीउचा डाव हवेतच राहिला, आणि त्यातला रस्सा मॅन्युएलच्या बाहीवर ओघळला. आई म्हणाली, "अगं फिना..."

पाई समोर बसून पाव रश्शात बुडवत होता. त्यानं मान वर केली नाही.

"मी उगीच नव्हतो येत," तो म्हणाला.

तीउनं हळूच डाव भांड्यात ठेवला आणि पुढच्या टेबलाकडे गेला. डेल्फिना खाली बसली. तिचे कान तापले होते. पाईनं पाव चावून गिळला, मग पाणी प्यायला.

"तिथेही सातलाच असतं का नाटक?" त्यानं विचारलं.

"हो."

"दुपारचं नसतं?"

"असतं. रविवारी."

"इथे होतं का रविवारी दुपारी?"

डेल्फिनानं त्याच्याकडे बघितलं. "होतं, पाई. दर नाटकाला होतं."

"मग सांगायचंस."

"सांगितलं होतं! दर वेळी सांगितलं!" तिचा आवाज पुन्हा चढला. या वेळी तिनं तो दाबला नाही.

पाईनं मान हलवली. सांगितलं होतं हे त्याला आठवत होतं, ते त्याच्या तोंडावर दिसत होतं. गायी राखून राखून राठ झालेले हात त्यानं टेबलाखाली घेतले.

"आणखी एकदा सांग," तो म्हणाला. "आता कार्लुशला दूध काढता येतं."